दहा नंबरचा पाहुणा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, नागपूरच्या माणसानं फुटबॉलवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. जामठ्याच्या स्टेडियममुळे आपल्या शहराचं नाव बाहेरगावी क्रिकेटशीच जोडलं जातं. पण कामठीत, मोहननगरात पावसाळ्यातले चिखलमाखले सामने बघत वाढलेली माझ्यासारखी माणसंही इथं पुष्कळ आहेत. आज मला एका ब्राझीलच्या खेळाडूबद्दल बोलायचं आहे. खरं सांगायचं तर त्याची माफी मागायची आहे.

२१ जून १९८६ ची रात्र. साडेअकराच्या सुमारास वस्तीतली आम्ही पंधरा-वीस मुलं शेजारच्या काकांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात ब्राझील आणि फ्रान्स यांचा विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना चालू होता. १-१ अशी बरोबरी असताना गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेला झिको बदली खेळाडू म्हणून उतरला. आल्या आल्या त्यानं असा पास दिला, की ब्राझीलला पेनल्टी मिळाली. ती झिकोनंच घेतली आणि फ्रान्सच्या बाट्सनं अडवली. पुढं टायब्रेकरमध्ये झिकोनं आपला गोल केला, पण ब्राझील हरलं ते हरलंच. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मैदानावर पेनल्टी हुकवणाऱ्या पोराला आम्ही ‘झिको’ म्हणून चिडवू लागलो. कितीतरी वर्षं चिडवत होतो.

हा माणूस कोण होता, हे मला फार उशिरा कळलं.

झिकोचं खरं नाव आर्थर आंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३ चा, रिओ दि जानेरोच्या किंतिनो या उपनगरातला. वडील पोर्तुगालहून आलेले. घरात सहा भावंडं, त्यात हा धाकटा आणि अंगानं अगदी किडकिडीत. १९६७ मध्ये फ्लेमेंगो क्लबच्या मुलांच्या संघात तो दाखल झाला, तेव्हा त्याच्या अंगावर मांस चढावं म्हणून क्लबनं व्यायामाचा आणि आहाराचा वेगळा कार्यक्रम आखला होता. पुढं याच मुलानं मधल्या फळीतून आक्रमण रचणाऱ्या दहा नंबरच्या खेळाडूचा अर्थ जगाला दाखवला. असा खेळाडू गोल करतोच, पण दुसऱ्याला गोल करता यावा अशी वाट आधी त्याला दिसते. १९८१ मध्ये फ्लेमेंगोनं दक्षिण अमेरिकेतला लिबर्टाडोरेस चषक जिंकला आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला टोकियोत लिव्हरपूलला ३-० असं हरवलं. त्या सामन्यात झिकोनं स्वतः गोल केला नाही. तरी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

विश्वचषक मात्र त्याच्याशी नेहमी फटकून वागला. १९७८ मध्ये स्वीडनविरुद्ध शेवटच्या क्षणी कॉर्नरवर त्यानं हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला, पण चेंडू हवेत असतानाच पंचांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली होती. १९८२ मध्ये बार्सिलोनात इटलीच्या पावलो रॉसीनं तीन गोल करून ब्राझीलच्या त्या देखण्या संघाला घरी पाठवलं. १९८६ चं मघाशी सांगितलंच.

१९८३ मध्ये तो इटलीतल्या उदिनेसे क्लबकडे निघाला. उदिने हे ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं मध्यम आकाराचं शहर. इटलीच्या फुटबॉल महासंघानं हा करार अडवला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि ‘झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो’ अशा घोषणा त्यांनी दिल्या. वेगळं होण्याची भाषा आम्हा विदर्भाच्या लोकांना नवी नाही, पण एका फुटबॉलपटूसाठी ती कोणी बोलल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. करार अखेर झाला आणि पहिल्याच मोसमात झिकोनं लीगच्या २४ सामन्यांत १९ गोल केले. त्या वर्षी त्याच्यापुढं एकटा प्लातिनी होता, २० गोलांचा. १९८५ मध्ये तो फ्लेमेंगोकडे परतला आणि तिथंच एका आडदांड धडकेत त्याचा गुडघा गेला. मेक्सिकोत उतरला तो हा गुडघा घेऊन.

इथंच गोष्ट संपली असती तर ‘विश्वचषक न मिळालेला थोर खेळाडू’ एवढीच त्याची नोंद राहिली असती. पण १९९१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, झिको जपानला गेला. तिथं तेव्हा व्यावसायिक लीग सुरूच झाली नव्हती. काशिमा हे कारखान्यांचं गाव, आणि संघ सुमितोमो पोलाद कंपनीच्या कामगारांचा, तोही दुसऱ्या श्रेणीतला. एवढा मोठा खेळाडू तिथं गेला आणि नुसता खेळला नाही, तर शिकवू लागला. सराव कसा करायचा, बूट कसे जपायचे, हरल्यावर कसं वागायचं. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा हाच संघ काशिमा अँटलर्स या नावानं उतरला. गावात १५ हजार आसनांचं नवं स्टेडियम उभं राहिलं होतं. पहिल्याच सामन्यात नागोयाचा ५-० असा पराभव झाला, त्यात तीन गोल चाळिशीतल्या झिकोचे. मोसमाचा पहिला टप्पाही काशिमानंच जिंकला.

तो देवमाणूस होता असं मात्र नाही. जानेवारी १९९४ मध्ये विजेतेपदाच्या लढतीत प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळाली, तेव्हा रागाच्या भरात तो ठेवलेल्या चेंडूवर थुंकला आणि मैदानाबाहेर काढला गेला. समर्पण, प्रामाणिकपणा आणि आदर हे तीन शब्द त्याची शिकवण म्हणून काशिमानं जपले आहेत. त्यातला तिसरा शब्द त्या दिवशी गुरूच विसरला होता. तरी गाव त्याला विसरलं नाही. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. जपानमध्ये सर्वाधिक वेळा लीग जिंकणारा क्लब आज काशिमाच आहे.

पुढं प्रशिक्षक म्हणून त्यानं जपानला २००४ चा आशिया चषक मिळवून दिला. मग तुर्कस्तान, उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार असं फिरत २०१४ मध्ये झिको आपल्या शेजारी येऊन पोहोचला, गोव्यात. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात एफसी गोवा संघाचा तो प्रशिक्षक झाला. गोव्यात फुटबॉल नवा नव्हता. १८८३ च्या सुमारास शिवोली गावी फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हा खेळ आणला असं सांगतात. झिकोची पोर्तुगीज समजणारी वडीलधारी माणसंही तिथं होती. पहिल्या वर्षी गोवा उपांत्य फेरीत कोलकात्याकडून टायब्रेकरवर हरलं. दुसऱ्या वर्षी साखळीत पहिलं आलं, मुंबईला तर ७-० असं हरवलं, आणि अंतिम सामना घरच्याच मैदानावर, मडगावच्या फातोर्ड्यात ठरला.

त्या सामन्याला मी गेलो होतो. २० डिसेंबर २०१५. नागपूरहून बसनं पुणे, तिथून दुसऱ्या बसनं मडगाव. अंग आंबून गेलं होतं, पण १९८६ चा तो माणूस डोळ्यांनी बघायचाच होता. ८७ व्या मिनिटाला गोव्यानं २-१ अशी आघाडी घेतली आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं मला मिठी मारली. मग तीन-चार मिनिटांत सगळं उलटलं. गोलरक्षक कट्टीमनीच्या हाताला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि जादा वेळेत चेन्नईच्या मेंडोझानं तिसरा गोल केला. २-३. झिकोच्या वाट्याला पुन्हा तेच. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, “बरो खेळले मरे.” आमच्या वस्तीतल्या पोरांना १९८६ मध्ये हे वाक्य सुचलं नव्हतं.

२०१६ च्या मोसमात गोवा तळाला गेलं आणि झिकोचा मुक्काम संपला. मग गोव्यात काय राहिलं? अगदीच काही नाही असं नाही. रोमियो फर्नांडिस हा गोव्याचा पोरगा २०१५ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्से क्लबपर्यंत पोहोचला. मंदार राव देसाई झिकोच्या संघातून पुढं आला. एफसी गोवा २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पण काशिमासारखं घडलं, असं म्हणता येणार नाही. त्याचं कारण मला झिकोत दिसत नाही, कॅलेंडरात दिसतं. काशिमात तो वर्षानुवर्षं राहिला, रोज सकाळी मैदानावर दिसला. आपल्या सुपर लीगचे ते मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर, जेमतेम अकरा-बारा आठवड्यांचे. गुरुजी तेच होते, शाळाच तीन महिन्यांची होती. आणि त्याच २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे नावाजलेले क्लब राष्ट्रीय आय-लीगमधून बाहेर पडले. एका बाजूला पाहुण्यांची सरबराई चालली होती आणि दुसऱ्या बाजूला घरचे वासे निघत होते.

परतीच्या प्रवासात मला आपले विजय बारसे सर आठवले. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. २००१ मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं त्यांनी पाहिली आणि त्यांना खरा चेंडू दिला. ‘स्लम सॉकर’ त्यातून उभं राहिलं. सरांनी विश्वचषक खेळलेला नाही. पण ते त्याच मुलांजवळ, त्याच शहरात राहिले. मोठा खेळाडू गावात आला तर आनंदच आहे. पण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू घेऊन कोण उभं राहतं, यावर पुढचं सगळं ठरतं. काशिमाला हे कळलं होतं.

राहता राहिली माझी माफी. गेल्या पावसाळ्यात आमच्या मैदानावर एका पोरानं पेनल्टी बाहेर मारली आणि माझ्या वयाचा एक मित्र सवयीनं ओरडला, “अरे, झिको आहे का तू?” पोरगं बिचारं माझ्याकडे बघू लागलं. झिको कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी त्याला जवळ बसवलं आणि आज तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो उठला, चेंडू पुन्हा त्याच जागी ठेवला आणि म्हणाला, “काका, थांबा जरा. अजून एक मारून बघतो.”