अंगठ्याला हवा होता कठडा

आमच्या लहानपणी त्याला कोणी कंट्रोलर म्हणत नसे. तो 'रिमोट' होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत टीव्हीला जोडायचे जे 'व्हिडिओ गेम' आले, त्यांतले बरेचसे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्या रिमोटच्या डाव्या अंगाला अधिकच्या चिन्हासारखं एक काळं बटण असे. तासभर 'कॉन्ट्रा' खेळलं की त्या बटणाच्या कडांचा वळ अंगठ्यावर उमटायचा. आज फोनला दोन्ही कुशींनी धरणारे गेम कंट्रोलर दिसले, की मला तो वळ आठवतो. या वस्तूची कुळकथा शोधायला मी तिथूनच निघालो.

मूळ बरंच मागे जातं. 1962 साली अमेरिकेत, एमआयटीमध्ये, पीडीपी-1 या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोघांनी खेळायचा खेळ तयार झाला. त्यातली अवकाशयानं चालवायची ती संगणकाच्या पॅनेलवरच्या खटक्यांनी. ते खटके दाबून दाबून कोपरं दुखायची. शिवाय पडदा एका बाजूला असल्यानं एका खेळाडूला तो दुसऱ्यापेक्षा नीट दिसायचा. मग ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी हाती लागेल त्या सुट्ट्या सामानातून हातात धरायच्या पेट्या बनवल्या. गोळी झाडायचं बटण त्यांनी मुद्दाम बिनआवाजाचं ठेवलं, म्हणजे समोरच्याला चाहूल लागू नये. हाताचा त्रास वाचवणं आणि दोघांना सारखी संधी देणं, या दोन गरजांतून ही वस्तू जन्मली. दोन्ही गरजा आजही तिच्या पाठीशी आहेत.

काळं बटण आलं वीस वर्षांनी. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई खिशात मावणारे 'गेम अँड वॉच' बनवत होते. घडी घालून मिटणाऱ्या खेळण्यात उभी दांडी, म्हणजे जॉयस्टिक, कशी मावणार? 1982 च्या 'डाँकी काँग' या घडीच्या खेळात त्यांनी दांडी सपाट करून टाकली: चार दिशांचा एकच तुकडा, मधोमध टेकलेला. डावी बाजू दाबली की उजवी आपोआप वर उचलली जाते, म्हणून दोन उलट दिशा एकदम दाबल्याच जात नाहीत. आणि कडा उठावदार असल्यानं अंगठ्याला न बघता कळतं आपण कुठे आहोत ते. अंधारात जिना उतरताना हात कठड्यावरून सरकत जातो, तसा. हीच रचना पुढच्या वर्षी फॅमिकॉमवर गेली आणि तिथून नकलांच्या वाटेनं आमच्या घरात आली.

फोनवर खेळ आले तेव्हा बटणं होतीच. 1997 च्या नोकिया 6110 वरचा साप 2, 4, 6, 8 या कळांवर वळायचा. अंगठा कळांवर, डोळे सापावर. 2003 मध्ये नोकियाने खास खेळांसाठी 'एन-गेज' हा फोन काढला. पण त्यात खेळाचं कार्ड बदलायला मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागे. तो चालला नाही, यात मला नवल वाटत नाही.

2007 मध्ये आयफोन आला आणि कठडा गेला. काचेवर चित्रातली बटणं उमटू लागली. काच बोट ओळखते, पण बोटाला काच सगळीकडे सारखीच लागते. नेमक्या धुमश्चक्रीत अंगठा त्या चितारलेल्या वर्तुळाबाहेर घसरतो आणि आपला गडी जागच्या जागी उभा राहतो. वर दोन्ही अंगठे पडदा झाकतात ते वेगळंच. हाताने डोळ्यांच्या वाटेत यावं, ही या काचेची खरी उणीव आहे.

ती भरून काढायची धडपड लगेच सुरू झाली. 2011 च्या सोनी एरिक्सन 'एक्सपीरिया प्ले'मध्ये पडद्याखालून बटणांचा अख्खा कप्पा सरकून बाहेर येई. 2013 मध्ये ॲपलने कंट्रोलरसाठी अधिकृत नियम घालून दिले आणि लॉजिटेक, मोगा यांचे, फोन आत सरकवायचे साचे शंभरेक डॉलरला आले. ते त्या वेळच्या आयफोनच्या मापाचे होते. पुढच्याच वर्षी आयफोन 6 मोठा झाला आणि साचे निरुपयोगी ठरले. चांगली वस्तू, पण तिचं आयुष्य दुसऱ्याच वस्तूच्या मापाला बांधलेलं. हे मला या सगळ्या कुळाचं मोठं दुखणं वाटतं. 2019 मध्ये आयफोनवर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे बिनतारी कंट्रोलर थेट चालू लागले, पुढच्या वर्षी ताणून मोठे होणारे 'रेझर किशी' आणि 'बॅकबोन वन' आले, आणि 2023 च्या आयफोनपासून यूएसबी-सी आल्यावर एकच कंट्रोलर आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्ही घराण्यांच्या फोनना बसू लागला.

आपल्याकडे मात्र याची वेगळीच शाखा फुटली. 2018 च्या 'पबजी'च्या लाटेत पोरांनी फोनच्या वरच्या कडेला चिमटे लावले. त्यांना सगळे 'ट्रिगर' म्हणतात. खटका दाबला की वीजवाहक टोक काचेला टेकतं आणि काचेला वाटतं बोट लागलं. तर्जनीला काम मिळतं, अंगठे मोकळे होतात. घामट बोटांसाठी चांदीच्या धाग्याच्या टोप्याही आल्या. ज्यांना ट्रिगर नको होते त्यांनी 'फोर फिंगर क्लॉ' ही चार बोटांनी खेळायची पकड शिकून घेतली. स्वस्तात अडचण सोडवणाऱ्या या चिमट्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

आणि सारख्या संधीचा प्रश्न? तो पुन्हा उभा राहिलाच. 'कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल'ने 2019 मध्ये कंट्रोलरला परवानगी दिली, पण कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घालून दिली. मला ते रास्त वाटतं. अर्थात, फोन हलवून नेम धरणारी सरावलेली पोरं दांडीवाल्यांना सहज भारी पडतात, असं माझं मत आहे.

घ्यायचा असेल तर आधी आपला खेळ त्याला ओळखतो का ते पाहावं. सगळे ओळखत नाहीत. ब्लूटूथवर हुकूम पोचायला किंचित उशीर लागतो, थेट फोनच्या पोर्टमध्ये बसणारा त्यापेक्षा चपळ असतो. पण तो बसवताना बऱ्याचदा फोनचं कव्हर काढावं लागतं, आणि खिशात मावणारा फोन मग पिशवीत जातो. स्वस्त दांड्यांचे आतले भाग घासले की अंगठा न लावताही गडी एकीकडे चालत सुटतो. चुंबकावर चालणाऱ्या, 'हॉल इफेक्ट'वाल्या दांड्यांत हे दुखणं फारसं उरत नाही. त्या घ्याव्यात.

मी गाडी पळवायला आणि जुने उड्यांचे खेळ खेळायला कंट्रोलर लावतो. ते खेळ बटणांसाठीच जन्मले आहेत. 'फ्रूट निंजा' खेळताना तो काढून ठेवतो. तिथे बोट हीच सुरी असते.