अंकांतील स्वल्पविराम : परार्धापासून संगणकापर्यंत

सन १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून बालाघाट जिल्ह्याच्या उभारणीस प्रारंभ झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्याकडे आला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी बोलणारी घरे सीमारेषेबरोबर हलली नाहीत. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १७,०१,६९८ भरली. हीच संख्या पाश्चात्त्य पद्धतीने छापलेल्या कोष्टकात १,७०१,६९८ अशी दिसते. अंक तेच, क्रमही तोच. स्वल्पविरामांच्या जागा तेवढ्या निराळ्या. हा भेद आला कोठून, आणि हिशेबाच्या वह्यांची जागा संगणकाने घेतल्यावर त्याकडे लक्ष देणे अगत्याचे का झाले, याचा येथे थोडक्यात विचार करू.

आपल्या प्राचीन गणितात स्थानांना स्वतंत्र नावे होती. आर्यभटाने दहा स्थानांची नावे दिली आहेत, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ती परार्धापर्यंत अठरा झाली आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावनजीक पाटणे येथे मठ स्थापिला. त्याची साक्ष देणारा इ.स. १२०७ चा शिलालेख तेथील देवळात असून तो मूळचे गोमंतकीय असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या दृष्टीस आणला. सहस्रानंतर अयुत, अयुतानंतर लक्ष, लक्षानंतर प्रयुत, मग कोटी, अशी ही परंपरा होय. प्रत्येक पायरीस नाव असल्यामुळे अंकांचे गट पाडण्याचे कारणच नव्हते.

पुढे व्यवहारात सहस्राच्या जागी फारसीतील ‘हजार’ रुळला आणि अयुत व प्रयुत ही नावे मागे पडली. अयुताचे ‘दहा हजार’ झाले, प्रयुताचे ‘दहा लाख’. परिणामी हजाराच्या घरात दोन अंक, लाखाच्या घरात दोन अंक, अशी जोड्यांची रचना आपोआप सिद्ध झाली. शिवाय मराठीत काय किंवा कोंकणीत काय, नव्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येस स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे अंकांची एक जोडी एका शब्दात मावते. सतरा लाख, एक हजार, सहाशे अठ्ठ्याण्णव, असे म्हणताना जीभ जेथे विसावते तेथेच आपला स्वल्पविराम पडतो. युरोपीय भाषांत हजाराच्या पुढची पायरी एकदम दहा लाखांची असल्याने तेथे गट तिनाचा झाला. दोन्ही पद्धती आपापल्या बोलीशी प्रामाणिक आहेत. एकीस शास्त्रीय व दुसरीस अडाणी ठरविण्याचे कारण नाही.

चिन्हांच्या बाबतीतही जगात एकमत नाही. पोर्तुगीज रिवाजात गट पाडण्यास टिंब व अपूर्णांकासाठी स्वल्पविराम वापरीत आले आहेत. त्यामुळे १.५०० हे लेखन त्या रिवाजाने दीड हजार, तर आपल्या रिवाजाने केवळ दीड ठरते. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४८ साली वजनेमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने गटांमध्ये टिंब वा स्वल्पविराम न घालता नुसती मोकळी जागा सोडण्याचा ठराव केला. पण गट मात्र तिनाचेच धरले.

माणूस संदर्भावरून अर्थ लावतो; यंत्र तसे लावीत नाही. ‘सी’ या संगणकभाषेतील पूर्णांक वाचण्याची नेहमीची सोय इंग्रजी अंकांत लिहिलेला १७,०१,६९८ हा मजकूर वाचू लागली की पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि सतरा ही संख्या हाती देते. ‘पायथन’ भाषा देवनागरी अंकही संख्या म्हणून वाचते. परंतु मध्ये स्वल्पविराम आढळताच वाचण्यास नकार देते. या दोहोंत नकार बरा, कारण तो निदान कळतो. एखाद्या देवस्थानास आलेली १,२५,००० रुपयांची देणगी एक रुपया म्हणून जमेस पडली, तर देणाऱ्याच्या श्रद्धेचा व विश्वस्तांच्या सचोटीचा, दोहोंचाही अपमान घडतो. आणि तोही कोणाच्या मनात काही वाईट नसताना.

यावर उपाय निघालेले आहेत. १९८३ साली प्रमाणित झालेल्या ‘एडा’ भाषेत अंकांमध्ये अधोरेषा घालण्याची मुभा होती. ‘जावा’ने ती २०११ साली व ‘पायथन’ने २०१६ साली स्वीकारली, ‘सी प्लस प्लस’ने २०१४ साली त्याच कामी ऊर्ध्व स्वल्पविराम पसंत केला. आपल्या दृष्टीने यातील मोलाची गोष्ट अशी की ही खूण दोन अंकांमध्ये कोठेही घालता येते. १७_०१_६९८ अशी जोड्यांची मांडणी इंग्रजी अंकांत केल्यास आज्ञावलीला ती पूर्ण मान्य असते.

लिहिण्याची सोय झाली, तरी छापण्याचा प्रश्न उरतोच. ‘पायथन’ला संख्या स्वल्पविरामांसह छापावयास सांगितले, तर ते तिनाचेच गट पाडते. त्यासाठी युनिकोड संस्थेच्या प्रादेशिक संकेतसंग्रहाचा आधार घ्यावा लागतो. त्यात मराठीसाठी #,##,##० या धर्तीचा नमुना असून अंकही देवनागरी आहेत. हा संकेत मानणाऱ्या आज्ञावलीस ‘मराठी’ एवढे सांगितले की बालाघाटची लोकसंख्या १७,०१,६९८ अशीच उमटते.

यातून व्यवहारास उपयोगी असा एक नियम निघतो. संग्रहात संख्या निर्विराम ठेवावी. तिला विराम द्यावयाचे ते वाचकासमोर मांडताना, आणि ते त्याच्या भाषेप्रमाणे. स्वल्पविराम हा संख्येचा अवयव नव्हे, वाचणाऱ्याच्या जिभेची ती सोय आहे. १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्यातही आकडा व अक्षरी रक्कम यांत तफावत पडल्यास अक्षरी रक्कमच प्रमाण मानली आहे. तेव्हा पावतीवर आकड्याखाली ‘अक्षरी रुपये’ लिहिण्याची जुनी चाल संगणकाच्या काळातही सोडू नये. आकड्यातील खूण चुकली, तरी शब्दांवरून रक्कम पडताळता येते.