मुलांच्या त्वचेचा आजार: फोनवर डॉक्टरांना काय दाखवायचं आणि थेट कधी न्यायचं

वणी तालुक्यातलं राजूर म्हणजे कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांचं गाव. धूळ आणि घामाने मुलांची खाज वाढते, पण सरकारी त्वचारोगतज्ज्ञ हवा असेल तर चंद्रपूर किंवा यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. यवतमाळ तर शंभर किलोमीटरच्या पुढे. दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पहिली धाव मेडिकलकडे जाते, ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून.

नुकसान इथेच होतं. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो आणि मुलाची नाजूक कातडी पातळ होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच. शेजारच्या मुलाला लागू पडलेली ट्यूब आपल्या मुलाला लावू नका.

घरबसल्या सल्ला कसा घ्यायचा?

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवा एप्रिल 2020 पासून घरून वापरता येते. मोबाईल नंबरवर ओटीपी येतो, नोंदणी होते, टोकन मिळतं, व्हिडिओवर डॉक्टर बोलतात आणि चिठ्ठी मोबाईलवर येते. स्मार्टफोन नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. केंद्रातले आरोग्य अधिकारीही मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. नियमाप्रमाणे लहान मुलासोबत मोठं माणूस हजर असावंच लागतं.

फोटो असा काढा

नेटवर्क कमी असलं की व्हिडिओत पुरळ नीट दिसत नाही, म्हणून फोटो आधीच काढून ठेवा.

- खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. फ्लॅश आणि फिल्टर नको.
- एक फोटो लांबून, एक जवळून. आकार कळावा म्हणून शेजारी नाणं ठेवा.
- फोटोआधी तेल, पावडर, मलम लावू नका.
- सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. जागा गरम, खरखरीत किंवा सुजलेली आहे का, ते तोंडी सांगा.

मुलगी मोठी असेल तर आई सोबत बसावी, महिला डॉक्टर आहेत का ते विचारावं. झाकलेल्या अंगाचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा दुसऱ्याच्या फोनवरून पाठवू नका. ते थेट महिला डॉक्टरांनाच दाखवलेलं बरं.

हे न लपवता सांगा

कधीपासून आहे, रात्री खाज वाढते का, घरात आणखी कुणाला आहे का, आतापर्यंत काय काय लावलं. वापरलेल्या ट्यूबचाही फोटो द्या. ईदला काळी मेहंदी लावली असेल तर तेही सांगा, तिच्यातल्या रसायनाने फोड येऊ शकतात. खरूज निघाली तर औषध एकाच दिवशी घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं असतं. एकट्या मुलाला लावलं तर ती परत येते.

फोनवर थांबू नका

डॉक्टरांना फोटोत दिसतं, पण हात लावून पाहता येत नाही. विदर्भात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मुलाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. तपासणी आणि औषध तिथे मोफत आहे, आणि वेळेत उपचार झाले तर मूल पूर्ण बरं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढच्या खुणा दिसल्या तर 108 ला फोन करा किंवा लगेच दवाखाना गाठा:

- तापासोबत जांभळे ठिपके, जे काचेचा ग्लास दाबूनही फिके पडत नाहीत
- ओठ किंवा चेहरा सुजणं, श्वास लागणं
- कातडी सोलून निघणं, डोळ्याभोवती सूज
- तान्ह्या बाळाच्या अंगावर फोड

चिठ्ठी मिळाली की औषध किती दिवस आणि दिवसातून किती वेळा, ते डॉक्टरांकडूनच विचारून लिहून ठेवा. सांगितलेल्या दिवसांत फरक पडला नाही तर नवी ट्यूब आणण्याऐवजी डॉक्टरांना पुन्हा दाखवा.