मॅकलीनची जहाजं आणि वेगाचं गणित

२६ एप्रिल १९५६ला माल्कम मॅकलीन या मूळच्या ट्रकवाल्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. कंटेनरयुगाची सुरुवात म्हणून ही तारीख सगळीकडे सांगितली जाते. मला जास्त रस आहे तो त्यानंतरच्या दोन निर्णयांत.

तेल स्वस्त होतं तेव्हा त्याने उभ्या केलेल्या सी-लँड कंपनीने ३३ नॉट्सने धावणारी आठ जहाजं बांधून घेतली. ती १९७२-७३मध्ये पाण्यात उतरली, आणि लगेच तेल जवळपास चौपट महागलं. पुढे ती अमेरिकी नौदलाने विकत घेतली.

मग मॅकलीनने उलटं टोक गाठलं. युनायटेड स्टेट्स लाइन्ससाठी त्याने कोरियात बारा अवाढव्य, पण संथ जहाजं बांधली. पृथ्वीप्रदक्षिणा करत माल पोचवायचा, तेल वाचवायचं. १९८६मध्ये तेलाचे भाव कोसळले. वाचवलेल्या तेलाला किंमत उरली नाही, आणि प्रतिस्पर्धी माल लवकर पोचवत होते. त्याच नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

यामागचं गणित सोपं आहे. इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग २४वरून १८ नॉट्सवर आणला, तर प्रवासाला एक-तृतीयांश जास्त वेळ लागतो, पण त्या फेरीचं इंधन सुमारे ४४ टक्क्यांनी वाचतं. मात्र दर आठवड्याला जहाज सुटायचं, तर त्या मार्गावर जास्त जहाजं लागतात.

२००८च्या मंदीत नेमकी जहाजं रिकामी पडून होती. त्यामुळे मर्स्कसारख्या कंपन्यांनी वेग कमी केला, आणि तो परवडला. जड इंधनाच्या एका टनातून तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तोही घटला, पण हेतू बचतीचा होता.

मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला नफा कळतो, कारण त्याला आकडा असतो. कार्बनला किंमत नसेल, तर तो त्या गणितात शून्यच धरला जातो. युरोपने २०२४पासून ही किंमत लावली. जगभरासाठीचा निर्णय मात्र आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ऑक्टोबर २०२५मध्ये वर्षभर पुढे ढकलला.

नियम सगळ्यांना सारखा नसेल, तर एकट्याने हळू चालणाऱ्याचं काय होतं, ते १९८६मध्ये दिसलेलं आहे.