पेढीवरून वर्गात : गोंदियात व्यापार कसा शिकला गेला

मागच्या व्याख्यानात आपण गोंदियाच्या रेल्वेपाशी थांबलो होतो. ते व्याख्यान संपल्यावर एक बाई आम्हाला भेटायला थांबल्या. घरची लहानशी राइस मिल, मोठा मुलगा बी.कॉम. झालेला. त्यांनी विचारलं, "पोराले पुण्याले एमबीए कराले पाठवावं का जी? वावरावर कर्ज काढा लागल." आम्ही इतिहासवाली माणसं. काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवून तोच घेऊया, कारण या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो पुन्हा त्या रेल्वेपासूनच सुरू होतो.

१८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ गेले, पुढे ते बंगाल-नागपूर रेल्वेकडे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि गोंदिया जंक्शन झालं. जंक्शन झालं म्हणून बाजार झाला. धान, लाकूड, लाख, तेंदूपत्ता, सगळं इथं उतरायचं आणि इथूनच चढायचं. १८९९ च्या दुष्काळानंतर गुजरातेतून मध्य प्रांतात आलेली पटेल कुटुंबं, मारवाडी अडते, कच्छी व्यापारी यांनी इथं पेढ्या घातल्या. विडीचा धंदा वाढला तो याच काळात.

आता एक गोष्ट नीट बघा. या स्टेशनात दोन प्रकारची माणसं समोरासमोर यायची. एक पेढीचा मालक. त्याचा माल, त्याचं भांडवल, नफा-तोटाही त्याचाच. दुसरा रेल्वेचा माणूस : स्टेशनमास्तर, माल-बाबू, वरचे साहेब. रेल्वे त्यांची नव्हती. ते पगार घेऊन दुसऱ्याच्या भांडवलाची व्यवस्था बघायचे. हजार मैलांवरच्या डब्याचा हिशेब कागदावर ठेवायचे, बदली झाली की दुसऱ्या गावी जाऊन तेच काम करायचे.

एमबीए ही पदवी या दुसऱ्या माणसासाठी जन्माला आली. अमेरिकेत रेल्वे आणि त्यामागून आलेल्या अवाढव्य कंपन्या चालवायला मालकांची मुलं पुरेनात, म्हणून १९०८ साली हार्वर्डनं व्यवसाय-व्यवस्थापनाची ही पदव्युत्तर पदवी सुरू केली. तिथले पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक होते. आमच्यासारख्यांना हे ऐकून जरा बरं वाटतं, असो.

मालकाचा मुलगा मात्र गादीवर बसून शिकायचा. सकाळी पेढी झाडणं, मुनीमजींच्या शेजारी बसून रोजमेळ लिहिणं, धानाची मूठ हातात घेऊन ओल किती ते सांगणं, कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला गोड बोलून वाटेला लावायचं हे बघणं. फी नाही, परीक्षा नाही. नापास झालात तर दिवाळं. हे शिक्षण कच्चं होतं असं कोणी म्हणू नये. पण त्याची एक अट होती : पेढी घरची हवी. मजुराच्या, कुणब्याच्या, पोवाराच्या घरातल्या हुशार पोराला मुनीमगिरीपर्यंत फार तर पोचता यायचं. आणि मुलीला तर गादीवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पुस्तकी वाणिज्य आपल्याकडे उशिरा आलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं. आपल्या बाजूला नागपूर विद्यापीठ १९२३ चं, आणि गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय वर्ध्याला १९४० मध्ये व नागपुरात १९४५ मध्ये. म्हणजे तोवर गोंदियाच्या पोराला बी.कॉम. करायचं तर गाव सोडणं आलंच. १९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. ते स्वतः विडीच्या धंद्यातले, पेढीच्या शाळेत घडलेले. अशा माणसानं इतरांसाठी कॉलेजं काढावीत यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो. ज्यांच्या घरी गादी नाही त्यांना दुसरं दार लागतं, हे त्यांना कळलं असणार. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि एन.एम.डी. महाविद्यालय ही त्या संस्थेची नावं इथल्या घराघरांत माहीत आहेत.

व्यवस्थापनाची पदवी त्या मानानं दूरच राहिली. कलकत्ता आणि अहमदाबादच्या आयआयएम १९६१ च्या, एकीला एमआयटीची मदत आणि दुसरीला हार्वर्डची. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. या सगळ्या कोणासाठी होत्या? पोलाद कारखाने, बँका, मोठ्या कंपन्या यांना हवे असलेले पगारी व्यवस्थापक घडवण्यासाठी. गोंदियाच्या मोंढ्यावर त्या काळी त्यांची फारशी चर्चा होण्याचं कारण नव्हतं. १९९१ नंतर चित्र बदललं. खासगी बँका, विमा, मोबाइल कंपन्या आल्या, गावोगावी व्यवस्थापनाच्या संस्था निघाल्या आणि पुढं त्यातल्या कित्येक विद्यार्थ्यांअभावी बंदही पडल्या. पदवी तीच, पण एका कॉलेजची आणि दुसऱ्या कॉलेजची किंमत जमीन-अस्मानाच्या फरकाची, हे तेव्हापासून सुरू झालं. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा राहिला, आणि पगारी व्यवस्थापक हा प्राणी आपल्या जिल्ह्यात रेल्वेबाहेरही दिसू लागला.

मग बाईंच्या मिलचं काय? राइस मिलचा धंदा कसा चालतो ते बघा. सरकारी खरेदीचा धान मिलकडे भरडाईला येतो. नियम असा की क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा. इथल्या धानात कणी जास्त पडते, तेवढा उतारा बसत नाही, ही मिलवाल्यांची जुनी तक्रार. तूट कुठून भरायची, कोंडा तेलवाल्याला कोणत्या भावानं द्यायचा, भुसा जाळायचा की विकायचा, भरडाईचे पैसे सरकारकडून येईपर्यंत हमालांची मजुरी कशी द्यायची, यावर मिल जगते किंवा मरते. यातलं अर्धं ज्ञान मिलमध्येच आहे, पुण्याच्या वर्गात ते मिळणार नाही. अर्धं मात्र वर्गात मिळू शकतं : खेळतं भांडवल, कर्जाचा खरा खर्च, कोंड्यापासून पुढचा माल काढायचा तर यंत्राचे पैसे किती वर्षांत फिटतील.

म्हणून आम्हाला वाटतं, मुलगा मिलच चालवणार असेल तर सगळं सोडून दोन वर्षं बाहेर बसणं हा महागडा रस्ता आहे. त्याच्यासाठी दुसरी सोय इतिहासानंच करून ठेवली आहे. इग्नूनं १९८७ साली जे पहिले दोन अभ्यासक्रम सुरू केले, त्यातला एक व्यवस्थापनाचा होता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. काम करणाऱ्या माणसानं काम न सोडता शिकावं, हाच त्यांचा हेतू. पण सांगून ठेवतो, घरी बसून पुस्तक उघडायला जी चिकाटी लागते ती हंगामात, धानाचे ट्रक दारात उभे असताना, भल्याभल्यांची सुटते. आणि 'ऑनलाइन एमबीए' म्हणून जे काही फोनवर विकलं जातं, त्यातलं कितीतरी निव्वळ प्रमाणपत्र असतं. यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत त्या विद्यापीठाचं नि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, एवढं तरी आधी बघा.

त्याला मिल नकोच असेल, दुसऱ्याच्या कंपनीत पगारी व्यवस्थापक व्हायचं असेल, तर मात्र पूर्णवेळ शिक्षणच घ्यावं, आणि कॉलेज निवडूनच. तिथं पुस्तकापेक्षा शेजारच्या बाकावर कोण बसतं आणि नोकरी द्यायला दारात कोण येतं याची किंमत जास्त. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, राज्याची सीईटी आहे. कॉलेजवाले सगळ्यात मोठ्या पगाराचा आकडा फलकावर लावतात. तुम्ही मधल्या नंबरच्या मुलाला काय मिळालं ते विचारा. उत्तर द्यायला चाचरले तर उठून या. कर्जाचं म्हणाल तर बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साधारण साडेसात लाखांपर्यंत जमीन तारण द्यावी लागत नाही. वावर गहाण टाकण्याआधी बँकेत जाऊन तेवढं विचारायला काय हरकत आहे?

एक उलटं उदाहरणही आपल्याच भागातलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. पानांचे पुडे मोजणं, लिलावाची जाहिरात, ठेकेदाराशी करार, मजुरीचं वाटप, हे सगळं गावानं चालवलं. त्यांच्यात एमबीए कोणी शोधून सापडणार नाही. पण हिशेब लिहिणारी, करार वाचणारी एखादी शिकलेली पोरगी किंवा पोरगा असला की बोलणीच बदलतात.

आता त्या बाईंकडे. मागच्या आठवड्यात त्या पुन्हा भेटल्या. या वेळी आधी आम्हीच विचारलं, "मिलचा हिशेब कोण लिहितं?"

"धाकटी. टॅलीवर. जीएसटीही थेच भरते."

"शिक्षण?"

"बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाले हाय."

"तिला विचारलंत का, एमबीए करायचं का म्हणून?"

बाई हसल्या. "तिच्या लग्नाचं पाहून राह्यलो जी."

घरच्या गादीवर तिला कोणी बसवणार नाही. सीईटीच्या अर्जात मात्र गादी कोणाची हे विचारत नाहीत. कुठल्याही शाखेची पदवी आणि ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात. आम्ही बाईंना एवढंच सांगितलं, की तारखा जाहीर झाल्या की दोन अर्ज भरा. त्या म्हणाल्या, "पोरीच्या बापाले विचारतो." पुढच्या व्याख्यानाला येतो म्हणाल्यात. प्रश्न असतील तर घेऊया.