जंपरची टोपी

परवा माळा आवरताना जुन्या इंटर्नल मॉडेमचं कार्ड सापडलं. सौ. म्हणाली, "भंगारात टाका." हात धजेना.

घरच्यांना आठवत असेल, १९९७ साली चिरंजीव अमेरिकेत होते, सूनबाई बाळंत व्हायच्या होत्या. फोन परवडत नव्हता, म्हणून ई-मेलसाठी हे कार्ड घेतलं. दुकानातल्या मुलाने ते बसवलं, फ्लॉपीवरून ड्रायव्हर घातला नि गेला. पण मॉडेमने नंबर फिरवला, की माऊस जागीच थिजायचा! "माऊस खराब आहे" म्हणून दुकानदाराने नवा गळ्यात मारला. तोही थिजला.

शेवटी मीच माहितीपुस्तिका घेऊन बसलो. प्रोसेसरचं लक्ष वेधायला प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, आयआरक्यू. माऊस कॉम १ वर, मॉडेम कॉम ३ वर, आणि दोघांचाही क्रमांक ४. एकाच हजेरी क्रमांकाची दोन मुलं! कार्डावरची जंपरची इवलीशी टोपी चिमट्याने काढून कॉम ४ वर बसवली. क्रमांक झाला ३, भांडण मिटलं.

हे क्रमांक आपल्यालाच का वाटावे लागायचे, ते पुढे वाचनात आलं. आयबीएमने १९८१ च्या पीसीत पाच खाचा ठेवल्या आणि आतले आराखडे चक्क छापून विकले. कुणीही कार्ड बनवावं. बनवलीही शेकडो जणांनी, पण हजेरीपट सांभाळणारं कुणी नव्हतं. १९८७ मध्ये आयबीएमनेच मायक्रोचॅनेल आणलं. त्यात जंपरच नव्हते, क्रमांक सॉफ्टवेअरने ठरत. किती छान! पण जुनी कार्डं त्यात बसेनात आणि तसे संगणक बनवणाऱ्या इतर कंपन्यांनी परवान्याचे पैसे मोजायचे. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी जुनी कार्डं चालतील अशी वेगळी पद्धत जाहीर केली. मायक्रोचॅनेल मागे पडलं. चांगली गोष्ट कुलपात ठेवली की अशी वाया जाते, असं माझं मत. इंटेलची पीसीआय १९९२ ची, विंडोज ९५ चं 'प्लग अँड प्ले' १९९५ चं. तरी माझं १९९७ चं कार्ड १९८४ च्या धाटणीच्या खाचेतच बसलं होतं.

असो. त्याच आठवड्यात ई-मेल आली, रोमन लिपीतल्या मराठीत. नातीचं वजन पौंडांत लिहिलं होतं. सौ.ने मला रात्री अकराला किलोचा हिशोब करायला बसवलं.