हरताळ

‘साहेबांनी नियमांना हरताळ फासला’ असं वाचलं की डोळ्यांपुढे येतो बंद बाजार. पण संपाचा हरताळ वेगळा. तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताळा’ म्हणजे कुलूप यांतून आलेला. फासायचा हरताळ म्हणजे संस्कृतातलं ‘हरिताल’, आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंजर्द खनिज.

हे खनिज इतकं मऊ की नखाने ओरखडा निघावा. खलात घोटायचं, डिंकाच्या पाण्यात कालवायचं आणि पोथीत चुकलेल्या अक्षरावर फासायचं. काजळाची शाई झाकली जाते, जुन्या कागदाच्या पिवळटपणात डाग फारसा खुपत नाही आणि वाळल्यावर त्यावरच पुन्हा लिहिता येतं. शिवाय विषारी, म्हणून किडीलाही धाक. हाताळणाऱ्यालाही असायला हवा! दंड आणि समास लाल करायला हिंगूळ; तोही गंधकाचाच, पाऱ्याच्या संगतीतला.

बीड जिल्ह्यात पोथ्यांचं गाव म्हणजे अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी इथे, आणि सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणाऱ्या दासोपंतांचीही (1551–1615). दासोपंतांनी तर कापडाच्या पासोडीवरही ग्रंथ उतरवला. एवढ्या लिखाणाच्या गावात हरताळाची पूड दुर्मीळ नसावी, असा माझा आपला तर्क. इथला काळा बेसाल्ट मात्र ती देत नाही. ती बाजारातूनच यायची.

फासणारा लेखनिक पाठ शुद्ध करत होता. आपले साहेब नेमकं उलट करतात, आणि क्रियापद मात्र त्याचंच वापरतात.